बारावीनंतर हॉकी आणि डिग्री: पुण्यातल्या खेळाडूने कुठे प्रवेश घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर पालकांच्या तोंडी एकच विषय असतो, ॲडमिशन. मुलगी राज्याच्या ज्युनियर संघातून खेळून आलेली असते, घरच्यांच्या मनात इंजिनिअरिंग असतं, कोच म्हणतात अजून दोन-तीन वर्षं जीव तोडून खेळू द्या, आणि फॉर्मची मुदत संपत आलेली असते. माझं मत आधीच सांगून टाकतो. पुण्यात राहून खेळणाऱ्या बहुतेक मुला-मुलींनी मैदानापासून जवळच्या कॉलेजात नियमित बीए किंवा बीकॉमला प्रवेश घ्यावा. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या शिकणं आणि हॉकीसाठी पंजाबातल्या विद्यापीठात जाणं या दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण त्या मोजक्या खेळाडूंच्या कामाच्या.

मुळात अडचण वयाची आहे. ज्युनियर विश्वचषक २१ वर्षांखालच्यांचा असतो. म्हणजे बारावीनंतरची तीन वर्षं कॉलेजची असतात आणि ज्युनियर हॉकीचीही तीच शेवटची. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत भारताच्या मुलांनी या स्पर्धेत कांस्यपदक जिंकलं; त्या वयाची आपली पोरं एफवाय-एसवायच्या वर्गात बसलेली असतात. डिग्रीला एखादं वर्ष जास्त लागलं तर चालतं, वय मात्र कुणासाठी थांबत नाही.

नियमित कॉलेजच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा आंतरविद्यापीठ स्पर्धेचा. तिथे नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच उतरू शकतो आणि त्याचं वय २५ च्या आत लागतं. आधी कॉलेजचा संघ, मग पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर, नाशिक असे विभाग, त्यातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ, पुढे पश्चिम विभाग आणि तिथे पहिल्या चारात आलात तर अखिल भारतीय फेरी. या प्रवासातून हाती येणारं प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर लावायचं नसतं. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व ग्राह्य धरतात. रेल्वेत तर शिक्षण आणि पद यांची सांगड थेट आहे. तिथे पदांच्या पगारश्रेणीला लेव्हल म्हणतात: लेव्हल १ ला दहावी चालते, लेव्हल २ आणि ३ ला बारावी, लेव्हल ४ आणि ५ ला पदवी. खेळातली कामगिरी लागतेच, पण ती असूनही पदवी नाही म्हणून खालच्या पदावर रुजू होणं फार लागतं मनाला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही पदाची शैक्षणिक अट सुटत नाही.

आता त्रासाचं बोलू. ७५ टक्के हजेरी हा पहिला अडसर. कॉमर्सची लेक्चर्स बऱ्याच ठिकाणी सकाळी सातला सुरू होतात आणि टर्फवरचा, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावरचा, सरावही त्याच वेळी असतो. संत तुकाराम नगरला मेट्रो पकडून शिवाजीनगरला उतरता येतं, हे खरं. पण गोलकीपर असलेल्या मुलाकडे एकदा बघा. पायाचे पॅड, बुटांवर चढवायचे किकर, हेल्मेट, छातीचा गार्ड, हातातले जाड फोमचे पॅड, असं सगळं कोंबलेली बॅग त्याच्या कमरेच्या वर येते. ती सरावानंतर घामाने ओली असते आणि वर्गात ठेवायला जागा नसते. तो आधी घरी जाणार, बॅग वाळत टाकणार, आणि पहिली दोन लेक्चर्स गेलीच. म्हणून कॉलेजच्या नावाआधी मैदान ते वर्ग हे अंतर मोजा. खडकी, पिंपरी, चिंचवड, औंध इथलं साधं कॉलेज अशा मुलाला डेक्कनवरच्या नामांकित कॉलेजपेक्षा जास्त मानवेल. इंजिनिअरिंग करणारे खेळाडू आहेत, पण प्रॅक्टिकल, सबमिशन आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या की बहुतेक वेळा स्पर्धाच सुटते.

मुक्त विद्यापीठात हजेरीचा प्रश्नच येत नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे, त्याची अभ्यासकेंद्रं पुण्यात आहेत, आणि यूजीसीच्या मान्यतेने घेतलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. ज्याला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलंय, जो दुसऱ्या शहरातल्या अकादमीत राहतोय किंवा जो खेळाच्या जोरावर आधीच नोकरीला लागलाय, त्याने डोळे झाकून हीच वाट धरावी. बाकीच्यांनी धरली तर आंतरविद्यापीठ स्पर्धा हातची जाते. शिवाय वर्ग नाही, सोबती नाहीत, त्यामुळे पुस्तकं परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत गठ्ठ्यातच राहतात.

पंजाबचं आकर्षण समजण्यासारखं आहे. अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, पटियालाचं पंजाबी विद्यापीठ, फगवाड्याजवळचं लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ इथे हॉकीपटूला मान आहे, वसतिगृह आहे, फीमध्ये सवलत मिळते. रोजचा सरावही तगड्या खेळाडूंबरोबर होतो. पण तिथल्या संघातल्या अठरा जणांत तुमचा नंबर कितवा? पुण्यात जो मधल्या फळीत सेंटर हाफ म्हणून सगळे सामने खेळला असता, तो तिथे वर्षभर बाकावर बसू शकतो. जायचंच तर फी माफी किती वर्षांची आणि दुखापत झाली तर तिचं काय, हे लेखी घ्या. मुलींच्या बाबतीत तर मी आधी बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीकडे, म्हणजे राज्य शासनाच्या खेळाडू घडवणाऱ्या निवासी केंद्राकडे, बोट दाखवेन. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके तिथूनच भारताच्या संघापर्यंत गेली.

अमेरिकेतल्या शिष्यवृत्त्यांचीही चौकशी होते. तिथल्या एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या स्पर्धांत फील्ड हॉकी (म्हणजे आपली मैदानावरची हॉकी) फक्त महिलांची आहे. मुलांसाठी तो विषय तिथेच संपतो.

एकदा निवडलेली वाट कायमची नसते, हेही लक्षात असू द्या. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. शिबिराची हाक आली तर शिक्षण पाण्यात जात नाही. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाखांची तरतूद असते, त्यातले महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात.

प्रवेशाआधी एक फेरी मात्र जिमखान्यात माराच. फिजिकल डायरेक्टरना विचारा, गेल्या वर्षी कॉलेजचा हॉकी संघ उतरला होता का? ॲथलेटिक्सवाला एकटा धावू शकतो, हॉकीला अकरा जण लागतात, आणि कितीतरी कॉलेजांत तेवढे जमतच नाहीत. संघच नसेल तर चांगल्या खेळाडूचीही पुढची वाट अवघड होते. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कशी धरतात आणि बुडालेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतात का, हेही तिथेच कळेल. आणि शक्य असेल तर एकाच टर्फवरच्या पाच-सहा जणांनी ठरवून एकाच कॉलेजात अर्ज करा. एक गोलकीपर, दोन फुलबॅक आणि मधल्या फळीतले दोघे एकत्र आले, तर उरलेला संघ उभा करायला फिजिकल डायरेक्टरनाही हुरूप येतो.