आयात केलेला पेडल संच: ॲक्सिलरेटरसाठी घ्यावा, डेड पेडलसाठी नव्हे

स्पोर्ट्स कारच्या शौकिनांसाठी परदेशातून ॲल्युमिनियमचे पेडल संच मागवून विकणाऱ्या एका गृहस्थांकडून मी हा संच घेतला. ते स्वतः माझ्याच मॉडेलची गाडी चालवतात, त्यामुळे विक्रीआधीचे बोलणे दुकानदाराशी झाल्यासारखे वाटत नाही. संचात क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटरच्या पट्ट्या आणि डाव्या पायाला टेकू देणारे डेड पेडल असे चार भाग येतात.

यांतला खरा मोलाचा भाग म्हणजे ॲक्सिलरेटरची पट्टी. वळणाआधी ब्रेक दाबलेला असतानाच खालचा गिअर टाकायचा, तर उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर क्षणभर दाबावा लागतो. इंजिनाचा वेग खालच्या गिअरला साजेसा वाढला नाही, तर क्लच सोडताच इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना झटका बसतो आणि त्यांची पकड सुटू शकते. माझ्या गाडीच्या मूळ पेडलांमध्ये अंतर इतके होते की त्यासाठी घोटा अवघडेपर्यंत वळवावा लागे. नव्या पट्टीला ब्रेकच्या बाजूला रुंदावलेली कड आहे, तिच्यातील लांबट छिद्रांमुळे ती थोडी डावीउजवीकडे सरकवता येते आणि खाली वॉशर घालून तिची उंचीही बदलता येते. उंची जुळवताना बहुतेक जण इंजिन बंद ठेवून दोन्ही पेडले एका पातळीत आणतात, तेथेच गफलत होते. इंजिन चालू असताना, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर काम करत असताना, ब्रेक जोरात दाबावा आणि तो जेथवर खाली जातो त्याच्याही किंचित खाली ॲक्सिलरेटर राहील असे पाहावे. नाहीतर कडक ब्रेक लावताना पाय नकळत दोन्हींवर पडतो. सोबतच्या सूचनापत्रात याबद्दल अक्षरही नाही. विक्रेत्यांनी मात्र हे सर्व आपणहून समजावून सांगितले, आणि माझ्या मते त्यांच्याकडून घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

कामाची सफाई चांगली आहे. कडा घासून गोल केलेल्या आहेत, आणि पृष्ठभागावरील रबरी गुंड्या मागच्या बाजूने बसवलेल्या असल्याने झिजल्यावर बदलता येतात. ओल्या तळव्याच्या बुटाला नुसत्या गुळगुळीत ॲल्युमिनियमवर पकड मिळत नाही, म्हणून या गुंड्या शोभेच्या समजू नयेत. ॲल्युमिनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे ॲक्सिलरेटर मागे आणणाऱ्या स्प्रिंगवर फारसा भार वाढत नाही.

बसवण्यासाठी मूळ पेडलाच्या पात्याला भोके पाडावी लागतात. ज्यांना गाडी पुढे मूळ रूपात विकायची आहे त्यांना हे रुचणार नाही; पण नुसत्या चिमट्यांवर धरलेली पट्टी ब्रेकवर सरकण्याचा धोका पत्करण्यापेक्षा भोके बरी. लॉकनट संचात मिळतात, आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर मात्र आपले आपण आणावे. काम झाल्यावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडावा आणि पट्टीची खालची कड मॅटमध्ये अडकत नाही ना, हे वाकून पाहावे. क्लचच्या पट्टीबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

डेड पेडलने मात्र निराशा केली. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा क्रम स्टीअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, सारखाच राहतो. त्यामुळे तीन पट्ट्या दोन्ही प्रकारांत चालून जातात. डेड पेडलचे तसे नाही. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत ते दरवाजाच्या बाजूला येते, तर उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत गिअरबॉक्सच्या उंचवट्याला लागून बसते, आणि तेथील पत्र्याचा उतार निराळा असतो. हा भाग डाव्या स्टीअरिंगसाठी घडवलेला असल्याने माझ्या गाडीत त्याचा एक कोपरा अधांतरी राहिला, आणि पाय टेकवला की तो करकरतो. गाडीचे स्टीअरिंग कोणत्या बाजूला आहे, हे विक्रेत्यांनी मागणी घेतानाच विचारायला हवे होते. तक्रार केल्यावर त्यांनी तो भाग विनातक्रार परत घेतला. डेड पेडल वगळून उरलेला संच ते कमी किमतीत देतातही, पण तसे आपणच मागावे लागते.