डी अँझाला फिजिक्स: २ए की ४ए?
कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात फिजिक्स घेताय तर पुढे काय करायचंय ते आधी ठरवा. २ए आणि ४ए हे तिथले फिजिक्सचे दोन कोर्स: २ए अल्जेब्रावर चालतं, ४ए ला कॅल्क्युलस लागतं, बाकी न्यूटनचे नियम, ऊर्जा वगैरे बरंचसं सेमच. पण स्प्रिंग ताणायला किती कार्य लागतं ते बघा, अल्जेब्रात बल आणि लांबीतल्या वाढीच्या ग्राफखालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं की उत्तर आलं, कॅल्क्युलसमध्ये तेच इंटिग्रेट करायचं, आणि मग बल सरळ रेषेत वाढत नसलं तरी काही अडत नाही, मला तर हे फार आवडतं! बायोलॉजी, प्री-मेडवाल्यांना (मेडिकलच्या तयारीतल्यांना) २ए सहसा पुरतं. इंजिनिअरिंगला यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफर हवी असेल तर मात्र ४एच घ्या, सोपं म्हणून २ए घेतलंत तर क्वार्टर (एक सत्र) वाया जाईल.