पांढरा-पिस्ता की काळी-पिवळी? पहिला रंगीत पीसी जोडताना

माझी भाची अप्लाइड आर्टला आहे. "मामा, मला पीसी पांढरा हवा आणि आतला उजेड पिस्ता," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं 'बरं' म्हणालो. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा दारात उभा. बारावी संपलेली, डोक्यात नुसत्या गेम्स. "काका, टॅक्सीसारखा करायचाय. काळी-पिवळी." दोघांचा पहिलाच पीसी, दोघांचं बजेट मॉनिटर सोडून साठ हजारांच्या आत. आणि दोघांनाही प्रोसेसर कुठला याच्या आधी रंग कुठला हे माहीत.

एका शनिवारी दोघांना घेऊन ग्रँट रोडला पूर्वेला उतरलो. (रविवारी तिथल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातली बहुतेक दुकानं बंद असतात, तो हेलपाटा टाळा.) दोन कागदांवर दोन कोटेशनं घेतली. ते कागद समोर ठेवूनच हे लिहितोय.

आधी पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, काचेतून दिसतं काय ते बघू. प्रोसेसर कूलरखाली गडप होतो. फाइली साठवणारी एसएसडी मदरबोर्डाला चिकटून बसते. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तळाच्या झाकणाआड जातो. उरतात बोर्ड, रॅम, कूलर, पंखे, पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक कार्ड आणि या सगळ्यांमधून लोंबणाऱ्या वायरी. रंगाचे पैसे मोजायचे तर इथेच. पांढऱ्या एसएमपीएसला जादा पैसे देणं म्हणजे कपाटाच्या मागच्या भिंतीला महागडा रंग लावणं. त्यातून बाहेर येणाऱ्या वायरी तेवढ्या दिसतात, आणि त्यांना पांढरी एक्स्टेन्शन वायर वेगळी मिळते.

इथे भाची एकदम खूश झाली होती. एका खोक्यावर '८० प्लस व्हाइट' लिहिलेलं तिला दिसलं. तो रंग नव्हे गं, वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा! ८० प्लसमधल्या सगळ्यात खालच्या पायरीला व्हाइट म्हणतात, त्याच्या वर ब्राँझ, मग सिल्व्हर, गोल्ड. खोक्यातला एसएमपीएस काळाच होता. निदान ब्राँझ घ्या आणि त्याच्या रंगाचा विचार सोडून द्या.

आता खरा फरक. काळ्यात जवळजवळ प्रत्येक पार्ट मुळातच काळा येतो, त्यामुळे रंगाचा खर्च शून्यापासून सुरू होतो. पांढऱ्यात प्रत्येक वस्तूवर थोडा थोडा भार चढतो: कॅबिनेटवर शे-दोनशे, कूलरवर तसाच, रॅमवर थोडा जास्त. खरा दणका कार्डावर बसतो. आमच्या कागदावर एकाच कार्डाच्या काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन ओळी होत्या आणि मधला फरक दोन हजारांच्या वर होता. तेवढ्या पैशात एसएसडी ५०० जीबीची १ टीबी होईल की नाही, यावर दुकानदाराशी वाद घालता येतो. शिवाय स्वस्त कार्डांमध्ये पांढरं मॉडेल कमीच निघतं, म्हणजे नुसत्या रंगापायी वरच्या कार्डावर उडी मारावी लागते.

म्हणून माझं मत असं बनलं: पांढरा पीसी हवा असेल तर पहिल्या फेरीत कार्डच घेऊ नका.

भाचीला फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि कॉलेजची असाइनमेंटं एवढंच काम. तिच्यासाठी एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. सहा कोर, बारा थ्रेड (एका वेळी बारा कामं हाताळायची सोय), ६५ वॅट, आणि ग्राफिक्सची सोय प्रोसेसरच्या पोटातच. कार्ड नाही म्हणजे सगळ्यात महाग पांढरी वस्तूच यादीतून गेली. पांढरी कॅबिनेट, पांढरा एअर कूलर, पांढऱ्या रॅमच्या दोन काड्या, आणि रुपेरी-पांढऱ्या नक्षीचा बोर्ड, संपला विषय. पूर्ण पांढरे बोर्ड या बजेटमध्ये शोधू नका. रुपेरी हीटसिंक (उष्णता घालवणारे धातूचे ठोकळे) असलेला काळा बोर्ड पांढऱ्या पेटीत काही वाईट दिसत नाही.

रॅमच्या काड्या दोनच हव्यात, ८ आणि ८ जीबीच्या. हे दिसण्यासाठी सांगत नाही. पोटातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते याच रॅमवर जगतं. एकच १६ची काडी लावली तर त्याचा रस्ता निम्मा होतो आणि ते सरळ सरळ मंदावतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की दुकानदार एकच काडी गळ्यात मारायला बघतो, "नंतर दुसरी टाका" म्हणतो. नंतर त्याच रंगाची, त्याच मॉडेलची काडी मिळेल याची खात्री कोण देणार? उरलेले दोन स्लॉट रिकामे दिसतात म्हणून नुसत्या दिव्याच्या खोट्या काड्याही विकत मिळतात. भाचीने त्या बघून जे नाक मुरडलं त्यावरून मला तिच्या शिक्षणाची फी वसूल झाल्यासारखं वाटलं.

५६००जीची उणी बाजूही आहे. पुढेमागे कार्ड टाकलं तर हा चिप साध्या ५६००च्या मागे राहतो. त्याची एल३ कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट मेमरी, १६ एमबी, ५६००ची ३२. त्याचं पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाशी बोलायचा रस्ता, ३.०, ५६००चं ४.०. ज्याला वर्षभरात गेम्स खेळायच्याच आहेत त्याने त्याच्या नादी लागू नये.

काकूंच्या मुलाला आजच खेळायच्यात. त्याच्या कागदावर रायझन ५ ५६०० आणि आठ जीबीचं आरएक्स ६६००. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचं, त्यामुळे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर मी एनव्हिडियाचं कार्ड सुचवेन, निव्वळ गेम्सना हे चालतं. पण लक्षात ठेवा, ५६००च्या पोटात ग्राफिक्स नाही. इंटेलमध्ये १२१००एफ किंवा १२४००एफ घेतलात तर तिथेही तेच, शेवटचा 'एफ' त्याचीच खूण. कार्ड "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणून असा प्रोसेसर घरी आणला तर महिनाभर काळा पडदाच बघावा लागेल. आणि बी४५० मालिकेतला बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर तो हा प्रोसेसर ओळखेल असं बायोस (बोर्डातलं मूळचं सॉफ्टवेअर) अपडेट करूनच द्या, असं काउंटरवरच सांगा.

आता काळ्यात पिवळा आणायचा कसा? दोघांनाही वाटत होतं की दिवे लावले की झालं. दिव्यांचं गणित वेगळं आहे. लाल, हिरवा, निळा हे तिघे एकदम चोख येतात. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, आणि स्वस्त पंख्यात तो कधी लिंबाकडे झुकतो तर कधी केशरीकडे. पिस्ता त्याहून अवघड. फिकट रंग एलईडीत धुऊन निघाल्यासारखा दिसतो, लांबून नुसता गारठलेला पांढरा. पांढऱ्या कॅबिनेटच्या आतल्या भिंती उजेड परतवतात म्हणून तिथे रंग भरून येतो, काळ्यात दिव्यापुरता ठिपका राहतो. म्हणून काळ्यात रंग वस्तूतूनच आणावा. आम्ही एका पिवळ्या वायरींच्या सेटवर भागवलं आणि उरलेलं काम गाडीच्या नंबर प्लेटी करणाऱ्या रेडियमवाल्याकडे नेलं. तळाच्या झाकणावर दोन बोटं रुंदीची पिवळी पट्टी, तीही हवेची भोकं सोडून. कार्डाच्या पाठीवर चिकटवू नका, ती तापते. स्प्रे मारायचा बेत असेल तर पावसाळ्यात अजिबात नको, दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते.

दिवे लावायचेच असतील तर पिना मोजा. तीन पिनांचा एआरजीबी (प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो) ५ व्होल्टचा, चार पिनांचा साधा आरजीबी (सगळ्यांना एकच रंग) १२ व्होल्टचा. मी पहिल्यांदा घरी पीसी जोडला तेव्हा तीन पिनांची पट्टी चार पिनांवर दाबून बसवली होती. बटण दाबलं, क्षणभर झगझगाट, मग कायमचा अंधार. चूक माझीच, घाई. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर ५ व्होल्टची जागाच नसते. तेव्हा कॅबिनेटबरोबर बटणवाला हब (दिवे जोडायचा वेगळा डबा) आहे का ते विचारून घ्या.

राहिली मुंबईची हवा. धूळ काळ्यावर दुसऱ्या दिवशी दिसते, पांढऱ्यावर आठवडाभर लपते, हा पांढऱ्याचा बिनखर्चाचा फायदा. उलट, खिडकीतलं ऊन रोज पडत असेल तर पांढरं प्लास्टिक काही वर्षांत पिवळट होतं आणि जिथे रंगाचा टवका उडाला तिथे पावसाळ्यात गंज डोकं काढतो. काळ्यावर हे दोन्ही कमी जाणवतं. पुढच्या बाजूला मात्र दोघांनीही जाळीच घ्यावी. पुढे काच, मागे तीन चमकणारे पंखे अशी पेटी शोरूममध्ये छान दिसते. मेमधल्या बंद खोलीत तिला हवा ओढायला फटी पुरत नाहीत.

बिल मात्र दोन्हीकडे पक्कंच. रोखीने विनाबिल घेतलं तर पैसे वाचतात, पण वॉरंटीच्या वेळी हातात फक्त खोकं राहतं. प्रोसेसर खोक्यातला देताय की ट्रेमधला (खोक्याशिवाय सुटा), हेही विचारा. ट्रेचा कमी पैशात पडतो, पण बहुधा कूलर येत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर.

परतताना भाचीची पांढरी पेटी सामानाच्या डब्यातून दादर, तिथून गाडी बदलून डोंबिवली. काच वेगळी काढून पुठ्ठ्यात गुंडाळली होती, ती मी मांडीवर धरून बसलो. घरी जोडणी जमिनीवर सतरंजी टाकूनच केली. टेंपर्ड काचेचा कोपरा लादीला नुसता टेकला तरी तिचा चुरा होऊ शकतो. मुलगा अर्थातच टॅक्सीने आला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी त्याने तीन रिकाम्या गाड्या सोडल्या.