लुअर दुरुस्तीचा गोंद: अ‍ॅराल्डाइट, फेविक्विक, एम-सील की यूव्ही रेझिन? खान्देशच्या उन्हात काय टिकतं

हतनूर, वाघूर नाहीतर गिरणा धरणावर लुअर (मासे फसवायचं नकली आमिष) टाकणाऱ्याच्या डब्यात मोडका माल साठतोच. धरणभिंतीच्या पिचिंगवर (दगडी अस्तरावर) आपटून क्रँकबेटची, म्हणजे कडक अंगाच्या माशासारख्या लुअरची, लिप (त्याला पाण्यात खाली नेणारी नाकाखालची पट्टी) जाते, बुडालेल्या वेड्या बाभळीतून ओढताना दोर किंवा गळ अडकवायची कडी सैल होते आणि मरळीच्या दातांनी रबरी बेडकाचं पोट फाटतं. यातलं बरंचसं घरी नीट होतं. त्यासाठी सहज मिळणाऱ्या चार गोष्टींचं हे परीक्षण आहे. एकच घ्यायची असेल तर दोन ट्यूबचं, रात्रभर वाळणारं साधं अ‍ॅराल्डाइट घ्या. मात्र कुठलाही गोंद लावण्याआधी लुअरच्या आतलं पाणी काढायला हवं. दुरुस्ती बहुतेक वेळा तिथेच फसते.

पोकळ लुअर कानाजवळ हलवून बघा. आतल्या छर्ऱ्यांच्या खुळखुळण्यात पाण्याची चळचळ मिसळलेली असेल तर जोड उघडलाय. हात सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात तो अर्धा मिनिट पूर्ण बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि जिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते तिथे चीर असते. तिथे मार्करने खूण करा. चीर इतकी बारीक असेल की पाणी झटकून निघत नाही, तर पोटाला 1 मिमीचं भोक पाडा. शिशाचं वजन कुठे बसवलंय ते आधी उजेडात धरून पाहा, त्या जागी ड्रिल लावू नका. मग भोक खाली करून लुअर सावलीत दोन दिवस टांगा. घाई असेल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आत ओल राहिली तर लुअर उन्हात तापला की वाफेचा दाब नव्या जोडावरच येतो.

आता अ‍ॅराल्डाइट, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद. रेझिन आणि हार्डनर आकारमानाने 1:1 घ्यायचं, वजनाने घेतलं तर 100 ला 80. घरी आकारमानच सोपं. प्लॅस्टिकच्या झाकणावर दोन्हीच्या एकेक सेंटीमीटरच्या सारख्या जाडीच्या रेघा शेजारी शेजारी ओढा आणि टूथपिकने पूर्ण दोन मिनिटं घोटा, कडेचा मालही आत ओढत. चीर बुजवायला हरभऱ्याएवढाच गोंद लागतो, तरी मिसळताना त्याहून जास्त घ्या. थेंबभर मालात प्रमाण हमखास चुकतं आणि चुकलेलं मिश्रण आठवडा झाला तरी चिकटच राहतं.

तापमानाचा नियम खान्देशात जास्तच लक्षात ठेवावा लागतो. ढोबळमानाने दर 10 अंशांना इपॉक्सीचा वेग दुप्पट होतो. खोलीत 25 अंश असताना हे मिश्रण तासाभराहून जास्त वेळ हाताळता येतं, मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या दुपारी तितका वेळ मिळत नाही. उलट जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास असेल त्या रात्री लावलेला गोंद सकाळी कच्चाच सापडतो, त्याला दोन दिवस द्या. पोकळ लुअर बुजवायची वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी लावलात तर दिवस तापेल तशी आतली हवा फुगते आणि ओल्या गोंदातून बुडबुडा बाहेर येऊन सुईच्या टोकाएवढं छिद्र सोडतो, पाणी पुन्हा तिथूनच शिरतं. संध्याकाळी हवा आकसत जाते आणि गोंद चिरेत ओढला जातो. लुअर गरम पाण्यातून काढल्या काढल्या मात्र लावू नका, तेव्हा ओढ इतकी असते की सगळा गोंद आत जातो.

लिप बदलायलाही हेच. जुनी सीडी 1.2 मिमी जाडीच्या पॉलीकार्बोनेटची असते आणि लहान-मध्यम क्रँकबेटला ती जाडी अगदी चालते. चमकणारा थर चिकटपट्टीने उपटून टाका. उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून मग कात्रीने कापा, गार सीडीला कापताना तडे जातात. अ‍ॅक्रिलिक वापरू नका, पहिल्याच दगडाला फुटतं. जुन्या लिपचा खुंट बारीक हॅक्सॉने कापून खाच करा, पण त्याआधी लिपचा कोन पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. दोन्ही बाजू 220 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग गोंद भरा. पुसायला अ‍ॅसिटोन नको. त्याने एबीएस प्लॅस्टिकचं अंग विरघळतं आणि पॉलीकार्बोनेटला बारीक तडे पडतात. खाच पोकळीत उघडत असेल तर गोंदात चिमूटभर टाल्कम पावडर घोटा म्हणजे तो आत ओघळत नाही. समोरून बघितलं तर नाकाची कडी, पोटाची कडी आणि लिपचा मध्य एका रेषेत दिसायला हवेत. लिप केसभर तिरकी बसली तरी लुअर फिरत वर येतो. खोल जाणाऱ्या बऱ्याच लुअरमध्ये दोर बांधायची कडी लिपमध्येच असते. ती लिप तुटली तर त्याच्या नादी लागू नका. गळ आणि रिंगा काढून घ्या, अंग टाकून द्या.

साध्या अ‍ॅराल्डाइटचा रंग पिवळसर आहे, म्हणून पांढऱ्या किंवा चंदेरी अंगावर वरचा थर म्हणून ते शोभत नाही, रंगाखालीच ठीक. पाच मिनिटांत घट्ट होणारी पारदर्शक इपॉक्सी डोळे चिकटवायला छान, पण त्या जातीचे गोंद पाण्याला आणि उष्णतेला कमी टिकतात. लिपसाठी ते नकोतच. घरच्या तापमानाला वाळलेली कुठलीही इपॉक्सी साधारण 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढा ताव सहज येतो. डबा सीटखाली ठेवा.

फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते पृष्ठभागावरच्या ओलाव्याने धरतं, म्हणून पावसाळ्यात क्षणात आणि मेच्या कोरड्या हवेत जरा उशिरा. ताणाला ते पक्कं आहे, पण धक्क्याला आणि सोलून निघण्याला कच्चं. हे या रसायनाचं मूळ लक्षण आहे, साध्या गोंदाचा नुसता ब्रँड बदलून फारसा फरक पडत नाही. म्हणून लिपला ते लावू नका. त्याची खरी जागा मऊ प्लॅस्टिकमध्ये. फाटलेल्या शॅडच्या (माशाच्या आकाराच्या मऊ लुअरच्या) कडा पुसून, कोरड्या करून, एक थेंब लावून वीस सेकंद दाबा, जोड मूळ अंगाइतका पक्का होतो. लाकडी लुअरची कडी सैल झाली असेल तर ती उपटा, भोकात टूथपिकची काडी आणि एक थेंब घाला, वाळल्यावर कडी परत पिळून बसवा. बेडकाला मात्र जपून, कारण हा गोंद वाळून काचेसारखा कडक होतो आणि जाड थर असेल तर मासा चावला तरी पोट दबत नाही, गळ झाकलेलाच राहतो. जुन्या मऊ प्लॅस्टिकचा पातळ तुकडा ठिगळ म्हणून घ्या आणि गोंद फक्त त्याच्या कडेला फिरवा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन इथे धरत नाही. मऊ पीव्हीसीमधलं तेल बाहेर झिरपत राहतं आणि ठिगळ सुटतं. टीपीई या रबरासारख्या प्लॅस्टिकच्या, खूप ताणल्या जाणाऱ्या बेटला (आमिषाला) तर साधं फेविक्विकही नीट चिकटत नाही.

एम-सील, म्हणजे हाताने मळायची इपॉक्सी पुट्टी, लुअरसाठी मर्यादित कामाचं. पुट्टी जड असते. नाकात भरलीत तर तरंगणारा लुअर डोकं खाली घालून बुडतो. लाकडी लुअरच्या पोटाला वजन कमी पडत असेल तिथे मात्र ती उपयोगी, कारण मळून हवी तेवढी लावता येते.

यूव्ही रेझिन अतिनील प्रकाशाने घट्ट होतं. त्याला खान्देशाइतकं ऊन दुसरीकडे कुठे मिळणार! पातळ थर उन्हात काही मिनिटांत पक्का होतो, रंगावर चकाकी येते. थर 1 मिमीच्या आतच ठेवा, जाड असेल तर खालचा भाग कच्चा राहतो. अपारदर्शक रंगाखाली किंवा खाचेत प्रकाश पोचत नाही, तिथे ते वाळणारच नाही. वर चिकटपणा राहिला तर अल्कोहोलने पुसा, हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा तसा राहतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे यूव्ही टॉर्च आणि अल्कोहोल मिळतं, पण स्क्रीनगार्डखाली घालायचा यूव्ही गोंद घेऊ नका. तो वाळूनही मऊसरच राहतो. हस्तकलेचं ‘हार्ड’ लिहिलेलं रेझिन मागा.

नेलपॉलिशने रंग देता येतो, कडक अंगावर आणि पातळ थरांत. मऊ बेडकावर ते कधीच सुकत नाही. पितळी स्पून (चमच्यासारखा धातूचा लुअर) चिंचेने घासा, निकेलचा मुलामा असलेला नको.

शेवटी बादलीत चाचणी. गळ आणि रिंगा जोडूनच लुअर पाण्यात सोडा. गंजलेल्या ट्रेबलच्या (तीन काट्यांच्या गळाच्या) जागी त्याच नंबरचा आणि तारेच्या त्याच जाडीचा घ्या. नंबर लहान तितका गळ मोठा, त्यामुळे 6 च्या जागी 4 लावलात तर पाण्यात स्थिर राहणारा लुअर तळाला जाईल. मग काठावर दोन-चार मीटर ओढून बघा. मागून पाहताना तो डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवा, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, नाहीतर नुकताच पक्का झालेला जोड तडकतो. दुरुस्त केलेले कडक लुअर मऊ प्लॅस्टिकच्या बेटशेजारी ठेवू नका, टीपीईचे बेट तर पूर्ण वेगळ्या पिशवीत. मऊ प्लॅस्टिकमधलं तेल रंग आणि डबा दोन्ही विरघळवतं, आणि उन्हाळ्यात त्याला आठवडाही लागत नाही.