अर्धी झालेली डुक्कर फियाट: आहे तशी विकावी की पूर्ण करून?

बाबांची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट 1100, अर्धी रिस्टोअर झालीय, 1089 सीसीचं इंजिन बांधून झालं, आता एका सेल्फात उठतं, पण बॉडी प्रायमरवरच आहे आणि क्रोम, सीटा, बीडिंग सगळं बाकी. पूर्ण करून विकली तर भाव चांगला येणार हे खरंय, पण टिनकाम आणि रंगाला घातलेला पैसा सगळा काही परत येत नाही, शिवाय नव्या रंगाखाली पुट्टी किती भरलीय ते दिसत नाही म्हणून घेणारा संशयानेच बघतो.

आहे तशी दिली तर पैसे कमी, पण पत्रा उघडा, परवाच एकजण चुंबक घेऊन आला आणि पुढच्या उलट्या उघडणाऱ्या दारांच्या बिजागऱ्यांपासून फ्लोअरपर्यंत सगळीकडे लावून बघितलं, कारण जाड पुट्टी असेल तिथे चुंबक नीट चिकटत नाही, मला तर फार बरं वाटलं, असा माणूस गाडी नीट सांभाळेल.

कागद मात्र दोन्हीकडे लागतातच. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, फी 20,000 रुपये, पण चासी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही, त्यामुळे मूळ इंजिन अजिबात बदलू नका. मी आहे तशीच देणार, काढलेले सगळे पार्ट डब्यात नावं लिहून सोबत.