शेतीपंपावरचा थ्री फेज सर्व्हो स्टॅबिलायझर: रावेर पट्ट्यातल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जोडणी: साडेसात एचपीची सबमर्सिबल, केळीला ठिबक, ११ केव्ही लाइनच्या टोकाची डीपी (व्होल्टेज उतरवून पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर). स्टॅबिलायझर, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज सारखे करून मोटरला देणारी पेटी, १५ केव्हीएचा, एअर कूल्ड, इनपुट ३०० ते ४७० व्होल्ट, तीन सर्व्हो मोटरवाला (व्होल्टेज कमी-जास्त करायला आतला ब्रश सरकवणारी छोटी मोटर, दर फेजला एक).

आधी निष्कर्ष: मोटर वाचते, यात शंका नाही. लो टेन्शनला ±६ टक्के ही मर्यादा १९५६ च्या वीज नियमांपासूनची, म्हणजे ४१५ ला साधारण ३९० ते ४४०. एप्रिल-मेमध्ये फीडरवरचे (एकाच वीजवाहिनीवरचे) सगळे पंप एकदम चालू झाले की टोकाला ३२० दिसतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. ३२० वर तो उरतो जेमतेम ६० टक्के. मोटर करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापते आणि पुढचा मुक्काम रिवाइंडिंगवाल्याकडे.

पण विकत घेण्याआधी मल्टिमीटर घेऊन दोन ठिकाणी मोजा, डीपीवर आणि स्टार्टरवर, मोटर चालू असताना. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमधून १४ अँपिअर २०० मीटर नेले तर ३० व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिमीत तेच १३ च्या आसपास. हा दोष लाइनचा नाही, आपलाच. त्यावर स्टॅबिलायझर लावणे म्हणजे गळक्या पाइपावर मोठा पंप. साडेसात एचपीला ३ केव्हीएआरचा कपॅसिटर (लाइनमधून ओढला जाणारा करंट कमी करणारा) चालू आहे का, तेही बघून घ्या. बऱ्याच पेट्यांत तो फुगलेला किंवा वायर काढून ठेवलेला असतो.

एक मोटरवाला सर्व्हो स्वस्त पडतो, पण तिन्ही फेज सारखेच उचलतो. इनपुट ३५०, ३३५, ३२० असेल तर आउटपुटही तसेच वाकडे. हा असमतोल साडेचार टक्क्यांचा झाला, आणि व्होल्टेजमधला एक टक्का फरक करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन दिसतो. म्हणून तीन मोटरवालाच घ्यावा. मात्र त्याला न्यूट्रल (प्रत्येक फेजचे माप जिच्यापासून घेतले जाते ती तार) पक्का लागतो. डीपीवर न्यूट्रल ढिला असेल तर प्रत्येक फेज चुकीचे माप वाचतो.

सगळ्यात मोठा धोका माहितीपत्रकात नसतो. ३२० वर चालताना लाइट गेली की ब्रश बूस्टच्या, म्हणजे व्होल्टेज वाढवण्याच्या, जागेवरच थांबतो. परत येते तेव्हा बाकीचे पंप बंद, लाइनवर ४३०. त्याच गुणोत्तराने आउटपुट क्षणभर ५५० च्या वर! सर्व्हो सेकंदाला तीसेक व्होल्ट सरकतो, म्हणजे खाली यायला चार-पाच सेकंद. त्यामुळे आउटपुटला हाय व्होल्टेज कट-ऑफ आणि कॉन्टॅक्टरला (मोटरला वीज जोडणारा स्विच) किमान ३० सेकंदांचा ऑन-डिले (जोडण्याआधीचा थांबा) हवाच. ऑटो स्विचवाल्यांनी (लाइट येताच ज्यांचा पंप आपोआप चालू होतो) तर हा डिले आधी बसवावा, मग बाकीचे.

देखभाल सोपी, पण टाळता येत नाही. दर तीन महिन्यांनी कार्बन ब्रशची काळी पूड ब्लोअरने काढा, ट्रॅकवर झिरो नंबरची पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. ब्रश झिजला की ठिणग्या पडतात आणि व्हेरिअॅकचे (ब्रश ज्यावर फिरतो त्या कॉइलचे) वेढे जळतात. लिमिट स्विच (ब्रशला टोकाला थांबवणारा) हाताने दाबून पाहा. मुंग्या आणि पाली या पेटीत घर करतात, छिद्रांना जाळी लावा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात एअर कूल्ड पेटी नकोच. ४५ अंशांत तिचा श्वास कोंडतो. भिंतीची सावली आणि चहूबाजूंनी फूटभर मोकळी जागा ठेवा. नव्याने घेताना ऑइल कूल्डचा विचार करावा.

तक्रार एकच, आणि ती यंत्राची नाही. ३२० चे ४१५ करताना लाइनमधून १४ ऐवजी १८ अँपिअर ओढले जातात. एका डीपीवर पाच-सहा जणांनी असेच केले तर ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही त्याचे व्होल्टेज आणखी पडते, फ्यूजही आधी जातो. डीपीवर लोड वाढले असेल तर क्षमतावाढीचा अर्ज सगळ्यांनी मिळून द्यावा, सोबत तिन्ही फेजची वेळेनिशी रीडिंग. नुसते "व्होल्टेज कमी येते" असे लिहिलेला कागद फाइलमध्येच राहतो.