मिशिगन सरोवरावरील वसंतातली सॅमन मासेमारी: वॉकीगनच्या एका चार्टर बोटीचे परीक्षण

नागपुरातून एप्रिल-मे महिन्यांत मुलांकडे शिकागोला जाणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांपैकी ज्यांना तलावाकाठी गळ टाकून बसण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. शिकागोच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर वॉकीगन बंदर आहे आणि तेथून मे महिन्याच्या सुरुवातीला एका चार्टर बोटीची, म्हणजे कप्तानासह भाड्याने मिळणाऱ्या बोटीची, सकाळची फेरी मी पुतण्याच्या कुटुंबाबरोबर केली. अशा सेवेचा खरा कस मासा कोठे आहे हे शोधण्यात लागतो, आणि त्या कामात ही बोट मला उत्तम वाटली.

मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सहा जिल्ह्यांचा आपला संपूर्ण नागपूर विभाग त्यात मावून जागा उरेल. सर्वाधिक खोली २८१ मीटर आहे. एवढ्या पाण्यात कोहो जातीचा दीड-दोन किलोचा सॅमन शोधायचा, तर वसंतात तपमानाशिवाय दुसरा भरवशाचा वाटाड्या नाही. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. वसंतात काठालगतचे उथळ पाणी लवकर तापते, आतले थंडच राहते, आणि जेथे ही दोन पाणी मिसळून ४ अंशांची होतात तेथे पाणी जड होऊन खाली जाते. त्यामुळे काठाचे ऊबदार पाणी काही आठवडे आतल्या थंड पाण्यापासून जणू भिंत घातल्यासारखे वेगळे राहते. सूक्ष्म जीव आणि लहान मासे त्या उबेत राहतात व कोहो त्यांच्या मागावर येतो.

कप्तानाने बंदराबाहेर पडल्यावर बराच वेळ एकही गळ पाण्यात सोडू दिला नाही. त्याचे लक्ष पृष्ठभागाच्या तपमानाच्या आकड्यावर होते. आदल्या दिवशी पश्चिमेचा वारा होता, त्याने काठाचा ऊबदार थर आत लोटला असणार, म्हणून आज थोडे दूर जावे लागेल, असे त्याने आम्हाला आधीच सांगितले होते. आकडा दोन अंशांनी चढला तेव्हा त्याने बोटीचा वेग ताशी चारेक किलोमीटरवर आणला आणि मगच दोरे सोडायला सांगितले. मासा लागल्यानंतर तो सरळ पुढे निघून गेला नाही. वळसा घेऊन पुन्हा त्याच पट्ट्यावरून बोट नेत राहिला. आपल्याकडे अनुभवी ढिवर वारा आणि पाण्याचा रंग पाहून जाळे कोठे टाकायचे ते ठरवतो, तीच जाण येथे उपकरणांच्या मदतीने काम करताना दिसली.

मांडणीही विचारपूर्वक होती. वसंतात कोहो वरच्या काही मीटरांतच असतो आणि बोटीच्या सावलीला बुजतो, म्हणून प्लेनर बोर्ड नावाच्या तरंगत्या फळ्या दोरे दोन्ही बाजूंना दूर नेतात. दोऱ्याला नारिंगी रंगाची चकाकती पट्टी आणि तिच्या मागे थोड्या अंतरावर छोटे पिसांचे आमिष असते.

माझी एक तक्रार आहे. मासा लागेपर्यंत रॉड खोबणीत उभे असतात, खलाशी झटका देतो आणि मगच रॉड पाहुण्याच्या हाती येतो. ज्याने तरंडाच्या हालचालीवर नजर ठेवून स्वतः झटका मारण्यात आयुष्यभर आनंद घेतला आहे, त्याला एवढ्याने समाधान होणार नाही. मी विनंती केल्यावर खलाश्याने मला खोबणीतून रॉड स्वतः उचलू दिला; बुकिंग करतानाच हे बोलून घ्यावे.

हे मासे मूळचे प्रशांत महासागराकडचे आहेत, ही गोष्ट मात्र बोटीवर कोणी सांगितली नाही, आणि ती सांगायला हवी होती. समुद्रातून शिरलेल्या एलवाइफ या लहान माशाने सरोवर भरून गेले होते. त्यांना खाणारा मासा म्हणून १९६६ मध्ये मिशिगन राज्याचे मत्स्य अधिकारी हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने कोहोची पिल्ले सोडली गेली; त्यांचा परिणाम दिसण्याआधीच, पुढच्या वर्षी, एलवाइफ आपोआपच एवढ्या प्रमाणात मेले की किनारे कुजलेल्या माशांनी झाकले गेले. आजही दरवर्षी मत्स्यबीज केंद्रांतून कोहोची पिल्ले सोडली जातात. कटला-रोहूची बोटुकली जलाशयात सोडलेली पाहणाऱ्या वैदर्भीय माणसाला यात नवल वाटू नये, पण ज्या श्रमांमुळे हा मासा गळाला लागतो त्यांचा उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.

मासे साफ करून, काप करून बर्फात देण्याची सोय चोख आहे. मांस नारिंगी आणि नाजूक असते. त्यावर सावजी मसाला घातल्यास माशाची चव उरत नाही, हळद, मीठ, लिंबू आणि तांदळाच्या पिठाचा पातळ थर पुरेसा होतो. मात्र या सरोवरातील माशांच्या चरबीत पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायने सापडतात, म्हणून कातडी व चरबी काढून टाकावी आणि इलिनॉय राज्याने किती वेळा खावे याविषयी दिलेला सल्ला पाळावा, विशेषतः गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या बाबतीत.

भाडे माणशी नसून संपूर्ण बोटीचे असते आणि सहाहून अधिक पाहुणे घेतले जात नाहीत, त्यामुळे चार-सहा जण मिळूनच जावे. खलाश्याला १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची तेथे रीत आहे, ती खर्चात धरावी. १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो व तो एका दिवसापुरताही मिळतो. लाटा जास्त असल्यास हा कप्तान फेरी स्वतःहून रद्द करतो आणि पैसे घेत नाही. नागपुरात पारा ४४ अंशांवर असताना निघालेल्या माणसाला पटणार नाही, पण मे महिन्यातही तेथे पाण्यावर लोकरीची टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट लागते.